गोष्टीतील पात्रे आणि रंगखडू : पायाभूत शिक्षणातील एका साध्या साधनाचा विचार

देशातील कोणत्याही अंगणवाडीत अथवा प्राथमिक शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात प्रवेश केल्यास भिंतीवर मुलांनी रंगविलेली चित्रे हमखास आढळतात. ससा, कासव, सिंह, माकड, राजा, राणी अशी गोष्टींतील पात्रे त्यांत प्रामुख्याने असतात. साधन स्वस्त आहे, मुलांना प्रिय आहे आणि त्यासाठी शिक्षकाला विशेष पूर्वतयारी करावी लागत नाही. परंतु याच कारणांमुळे ते पुष्कळदा केवळ वेळ भरून काढण्याचे साधन ठरते. एकाच ठशाचे चाळीस ससे चाळीस मुलांनी रंगविले, यातून मुले नेमके काय शिकली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पायाभूत साक्षरता हा राष्ट्रीय अग्रक्रमाचा विषय झालेला असताना वर्गातील प्रत्येक तासिकेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. म्हणूनच या छोट्या उपक्रमाची शैक्षणिक बाजू, त्याच्या मर्यादा आणि त्याचा योग्य वापर यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धोरणात्मक पार्श्वभूमी

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ अन्वये ६ ते १४ वर्षे वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये बदल करून सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण ही राज्याच्या धोरणाची दिशा ठरविली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या अधिनियमाच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व अन्वेषण यांद्वारे बालकेंद्री शिक्षण, शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन या बाबींचा उल्लेख आहे. त्यापूर्वी, राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षण हा शालेय अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग असल्याची भूमिका घेतली होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने ५+३+३+४ ही रचना स्वीकारली. त्यातील पहिली पाच वर्षे, म्हणजे ३ ते ८ वर्षे वयोगट, हा 'पायाभूत स्तर' होय. प्राथमिक स्तरावरील पाच कोटींहून अधिक विद्यार्थ्यांनी पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान प्राप्त केलेले नसावे, असा अंदाज या धोरणातच नमूद आहे. ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियानाचा प्रारंभ झाला. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने समजपूर्वक वाचन व मूलभूत संख्याज्ञान आत्मसात करावे, यासाठी २०२६-२७ ही मुदत निश्चित करण्यात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला, तर फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळ, गोष्टींची पुस्तके, चित्रपत्ते, बाहुल्या आदींचा समावेश असलेला 'जादुई पिटारा' हा साहित्यसंच उपलब्ध करून देण्यात आला.

या प्रयत्नांची निकड आकडेवारीवरून स्पष्ट होते. 'असर' अहवालांनुसार ग्रामीण भारतातील इयत्ता तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. कोविड महामारीनंतर २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांवर आले. म्हणजेच घसरण बहुतांशी भरून निघाली असली, तरी चारपैकी जवळजवळ तीन मुले अजूनही अपेक्षित पातळीच्या मागे आहेत. 'निपुण'च्या उद्दिष्टातील 'समजपूर्वक' हा शब्द येथे विशेष महत्त्वाचा आहे. अक्षरे उच्चारता येणे म्हणजे वाचन नव्हे. गोष्टीत कोण आहे, तो कसा आहे आणि तो तसा का वागला हे उमगणे म्हणजे वाचन होय. गोष्टीतील पात्र रंगविण्याच्या उपक्रमाची खरी उपयुक्तता याच ठिकाणी तपासावी लागते.

चित्र आणि कथा : भारतीय परंपरा

चित्राच्या आधारे कथा सांगण्याची परंपरा भारताला नवी नाही. पश्चिम बंगालमधील पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील नया या गावचे पटुवा कलावंत चित्रांची गुंडाळी उलगडत कथा गाऊन दाखवितात. राजस्थानात चित्तोडगड जिल्ह्यातील बस्सी येथे तयार होणारी 'कावड' ही घडीच्या दारांची लाकडी पेटी एकेक दार उघडत कथा पुढे नेते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी परंपराही याच जातकुळीची आहे. या सर्व परंपरांत चित्र कथेपासून वेगळे पडत नाही.

बाह्यरेषेच्या आत रंग भरणे हेदेखील आपल्याकडे हलक्या दर्जाचे काम मानले गेलेले नाही. मिथिलेच्या मधुबनी चित्रशैलीत 'भरनी' आणि 'कचनी' असे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्यात आकृती भरदार रंगांनी भरल्या जातात, तर दुसऱ्यात बारीक रेषांनी. म्हणजे रेषा आणि रंग यांचा विचार कलावंत वेगवेगळा करतो आणि त्या प्रत्येकात निवड असते. वर्गातील रंगकामात नेमकी हीच निवड मुलाच्या हाती राहते की नाही, हा कळीचा मुद्दा आहे.

आधुनिक बालशिक्षणात गिजुभाई बधेका यांनी गोष्टीला मध्यवर्ती स्थान दिले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक आपल्या प्रयोगाची सुरुवात गोष्टी सांगण्यापासून करतो. ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणून बोर्डी व नंतर कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी बालकांपर्यंत नेले. परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने तयार करण्यावर त्यांचा व अनुताई वाघ यांचा भर होता. महागड्या साहित्याविना बालशिक्षण शक्य आहे, हा त्यांच्या कार्याचा धडा आजही मार्गदर्शक आहे.

रंगविताना मूल काय शिकते?

या उपक्रमाचे लाभ तीन पातळ्यांवर विचारात घेता येतात.

पहिली पातळी शारीरिक आहे. लेखनासाठी बोटांच्या लहान स्नायूंवर नियंत्रण, हात व डोळा यांचा समन्वय आणि खडू तीन बोटांत धरण्याची पकड आवश्यक असते. रंगविताना दाब कमी-जास्त करणे आणि रेषेपाशी हात थांबविणे यांचा सराव होतो. खडूचे आखूड तुकडे मुठीत धरता येत नाहीत, ते बोटांनीच धरावे लागतात. त्यामुळे तुटलेले खडू टाकून न देता वापरणे हे काटकसरीइतकेच शैक्षणिकदृष्ट्याही हिताचे आहे.

दुसरी पातळी भाषिक आहे. भारतीय भाषांत अनेक रंगांची नावे परिसरातील वस्तूंवरून आली आहेत. जांभळापासून जांभळा, राखेपासून राखाडी, पोपटापासून पोपटी, आकाशापासून आकाशी. मराठीत जो रंग जांभळावरून ओळखला जातो, तोच हिंदीत वांग्यावरून 'बैंगनी' ठरतो. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या वर्गात प्रत्येक मुलाला "तुमच्या घरी या रंगाला काय म्हणतात?" असे विचारल्यास रंगखडूंची पेटी हा बहुभाषिक शब्दसंग्रह बनतो. वर्गात बोलण्यास बिचकणारे मूलही येथे माहिती देणारे ठरते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची पातळी आकलनाची आहे. पात्राला कोणता रंग द्यायचा हे ठरविण्यासाठी मुलाला गोष्टीकडे परत जावे लागले, तरच रंगकाम वाचनाचा भाग होते. पंचतंत्राच्या 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रातील माकड व मगर यांची कथा घ्या. मूळ कथेत माकडाचे नाव 'रक्तमुख', म्हणजे लाल तोंडाचा, असे आहे आणि ते ज्या झाडावर राहते ते जांभळीचे आहे. नावाचा अर्थ समजला की तोंडाचा रंग ठरतो. झाड ओळखले की फळांचा रंग ठरतो. फळ कच्चे की पिकलेले, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. माकडाचे तोंड तांबडे का रंगविले, हे सांगू शकणाऱ्या मुलाने कथेचे आकलन सिद्ध केलेले असते.

आक्षेप आणि त्यांची दखल

कलाशिक्षणाच्या क्षेत्रात तयार चित्रे रंगविण्यास दीर्घकाळ विरोध होत आला आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा पुस्तकांवर टीका केली. प्रौढांनी काढलेली सफाईदार आकृती वारंवार समोर आल्यास मुलाचा स्वतःच्या रेषेवरील विश्वास कमी होतो, असे या टीकेचे सार आहे. सेवाग्राम येथे नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक म्हणून कार्य केलेले देवी प्रसाद यांनीही मुलाच्या स्वयंस्फूर्त अभिव्यक्तीलाच कलाशिक्षणाचा पाया मानले.

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळता येणार नाही. तयार आकृती रंगविणे हा चित्रकलेच्या तासाचा पर्याय होऊ शकत नाही. मात्र भाषेच्या तासाला त्याचे स्थान वेगळे आहे. तेथे उद्देश आकृती काढण्याचा नसून पात्राविषयी विचार करण्याचा असतो. चित्र काढण्याच्या अडचणीत न अडकता सर्व मुलांना एकाच पात्राबद्दल बोलता यावे, यासाठी बाह्यरेषा हा एक तात्पुरता आधार आहे. आधार कालांतराने काढून घ्यावयाचा असतो. प्रथम पूर्ण आकृती, नंतर फक्त पात्राची आकृती देऊन परिसर मुलांनी काढणे आणि शेवटी कोरा कागद, असा क्रम ठेवल्यास दोन्ही उद्दिष्टे साध्य होतात.

दुसरा आक्षेप व्यवस्थेशी संबंधित आहे. 'यूडायस प्लस'च्या २०२४-२५ च्या माहितीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शाळेत चौथीला गणित शिकविताना पहिलीला शांत बसविण्यासाठी चित्रे रंगवावयास देणे ही शिक्षकाची अपरिहार्यता असते. त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु वर्षभर हीच पद्धत चालू राहिल्यास सर्वाधिक नुकसान होते ते घरी पुस्तक नसलेल्या, शिक्षण घेणाऱ्या पहिल्या पिढीतील मुलाचे. त्याच्या वाट्याला आलेला शाळेचा वेळ शांततेत जातो, शिकण्यात नव्हे.

एक नमुना पाठ : निळा कोल्हा

पंचतंत्राच्या 'मित्रभेद' या पहिल्या तंत्रातील निळ्या कोल्ह्याची कथा या उपक्रमासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण तिच्यात रंग हाच कथानकाचा आधार आहे. भुकेलेला कोल्हा गावात शिरतो. कुत्री मागे लागल्याने तो रंगाऱ्याच्या घरात लपतो आणि निळीच्या पिंपात पडतो. वनात परतल्यावर त्याला कोणी ओळखत नाही. तो स्वतःला राजा म्हणवून घेतो आणि स्वजातीच्या कोल्ह्यांना हाकलून देतो. एके दिवशी दूरची कोल्हेकुई ऐकून त्याला राहवत नाही, तोही ओरडतो आणि त्याचे सोंग उघडे पडते. कथेत त्याचे नाव 'चंडरव', म्हणजे प्रचंड आवाजाचा, असे आहे. लहान मुलांसाठी त्याला वनातून पळवून लावले, असा सौम्य शेवट करता येईल.

या कथेसाठी एक कोल्हा न देता एकाच कागदावर तीन चौकटी द्याव्यात : गावात शिरणारा कोल्हा, दरबारात बसलेला कोल्हा आणि तोंड वर करून ओरडणारा कोल्हा. पाठाचे पुढील टप्पे करता येतील.

१. श्रवण : शिक्षकाने कथा हावभावांसह सांगावी अथवा पुस्तकातून वाचावी. या वेळी खडू वाटू नयेत.

२. चर्चा : "पहिल्या चौकटीत कोल्हा कोणत्या रंगाचा असेल? तुम्ही कोल्हा पाहिला आहे का?" असे प्रश्न विचारावेत. ग्रामीण भागातील मुले येथे स्वतःच्या निरीक्षणातून उत्तरे देतात.

३. रंगकाम : दोन मुलांत एक कागद द्यावा. रंग ठरविण्यासाठी दोघांना बोलावेच लागते.

४. कथन : प्रत्येक जोडीने एका चौकटीविषयी दोन वाक्ये सांगावीत.

५. लेखन : पहिलीच्या मुलांनी चौकटीखाली एक शब्द, दुसरीच्या मुलांनी एक वाक्य लिहावे. मुलाने सांगितलेले वाक्य शिक्षकाने लिहून दिले तरी चालेल.

तिसरी चौकट हा या पाठाचा गाभा आहे. काही मुले तेथे कोल्हा पुन्हा तपकिरी रंगवितात. त्यांना चूक न ठरविता कारण विचारावे. "तो ओळखला गेला, म्हणजे रंग गेला असणार" हे उत्तर तर्कशुद्ध आहे. काही पुनर्कथनांत पावसाने रंग धुऊन गेल्याचा प्रसंगही असतो. अशा वेळी कथेतील तो भाग पुन्हा ऐकवावा आणि "रंग तोच होता, मग प्राण्यांनी कसे ओळखले?" असे विचारावे. उत्तर 'आवाजावरून' असे येते. कथेत स्पष्ट न सांगितलेला अर्थ काढण्याची ही पहिली पायरी होय आणि आकलनाच्या कसोटीत तिला वरचे स्थान आहे.

बहुवर्ग शाळेत हीच कथा सर्व इयत्तांना एकत्र सांगता येईल. त्यानंतर पहिली-दुसरीची मुले जोडीने रंगकाम करतील, तिसरी-चौथीची मुले त्याच चौकटींसाठी संवाद लिहितील आणि शेवटी मोठी मुले लहानांना ते वाचून दाखवतील. शिक्षकाला मिळणारा मोकळा वेळ तेवढाच राहतो, परंतु लहान मुले निव्वळ शांत बसत नाहीत, ती पुढील कथनाची तयारी करीत असतात.

समता आणि समावेशन

बाजारात फिकट गुलाबी-पिवळसर छटेच्या खडूला 'स्किन कलर' म्हणण्याची सवय अद्याप रूढ आहे. अमेरिकेतील क्रेयोला कंपनीने 'फ्लेश' हे खडूचे नाव १९६२ मध्येच बदलून 'पीच' असे केले होते. भारतात त्वचेच्या असंख्य छटा असताना एकाच छटेला त्वचेचा रंग म्हणणे हे वर्गातील बहुसंख्य मुलांना चित्राबाहेर ठेवणे होय. राजकन्या गोरी आणि राक्षस काळा, ही जोडी रंगखडूतूनच मनात रुजते. शिक्षकाने तपकिरी छटेचे खडू सर्वांना उपलब्ध करून द्यावेत आणि "ही राजकन्या तुमच्या गावची असती तर?" असा साधा प्रश्न विचारावा.

रंगांधत्व मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक आढळते. पान वारंवार तपकिरी रंगविणारा मुलगा निष्काळजी आहे, असे न मानता त्याच्या तपासणीची सूचना पालकांना द्यावी. खडूंवर रंगांची नावे लिहिल्यास अशा मुलांची अडचण कमी होते आणि इतरांना वाचनाचा सराव मिळतो. अंध व अल्पदृष्टी मुलांसाठी बाह्यरेषेवर डिंकाने जाड दोरा चिकटविल्यास आकृती स्पर्शाने कळते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ ने अपेक्षिलेले समावेशक शिक्षण अशा छोट्या कृतींतूनच प्रत्यक्षात येते.

साहित्य, खर्च आणि स्वामित्वहक्क

छापील कागद अनिवार्य नाहीत. फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने काढलेली मोठी आकृती संपूर्ण गटाला रंगविता येते. गेरू, हळद, कोळसा, पानांचा रस, विटेची पूड ही साधने बहुतेक ठिकाणी उपलब्ध आहेत. कथांसाठी एनसीईआरटीची 'बरखा' ही हिंदीतील ४० पुस्तिकांची क्रमिक वाचनमाला, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट व चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट यांची प्रकाशने आणि प्रथम बुक्सचा २०१५ पासूनचा 'स्टोरीवीव्हर' हा मुक्त परवान्याचा डिजिटल संग्रह उपयुक्त आहे.

पंचतंत्र-जातककथांचे मूळ कथानक सर्वांसाठी खुले असले, तरी त्यावर आजच्या चित्रकाराने काढलेल्या चित्रांना स्वामित्वहक्क लागू होतो. स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षक व विद्यार्थ्यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहे. विक्रीसाठी रंगपुस्तिका छापणे मात्र या सवलतीत बसत नाही.

मूल्यमापन

पायाभूत स्तराच्या आराखड्यानुसार या वयोगटात औपचारिक चाचण्या व परीक्षा अनुचित आहेत. निरीक्षण आणि मुलांच्या कामाचा संग्रह हीच मूल्यमापनाची साधने आहेत. रंगविलेले चित्र त्यासाठी योग्य नमुना आहे, मात्र 'रेषेबाहेर गेला नाही' हा निकष पुरेसा नाही. चित्रामागे तारीख आणि मुलाचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत नोंदवावे. जून व मार्चमधील वाक्ये शेजारी ठेवल्यास भाषिक प्रगती पालकांनाही सहज दिसते. भिंतीवर केवळ नीटनेटकी चित्रे न लावता सर्वांची चित्रे त्यांच्या वाक्यांसह लावावीत.

समारोप

गोष्टीतील पात्र रंगविणे हा पायाभूत साक्षरतेवरील रामबाण उपाय नव्हे. परंतु देशातील अंगणवाड्या व प्राथमिक शाळांत आजच रूढ असलेला हा उपक्रम अतिरिक्त निधीशिवाय अधिक अर्थपूर्ण करता येण्याजोगा आहे. त्यासाठी आवश्यक बदल एवढाच, की रंगकामापूर्वी कथा असावी, रंगाचा निर्णय कथेतून यावा आणि रंगकामानंतर मुलाला बोलण्याची संधी मिळावी. "कोणता रंग दिलास?" या प्रश्नाबरोबर "का दिलास?" हा प्रश्न विचारला गेला, तर तोच कागद आकलनाचे साधन होतो. शिक्षक प्रशिक्षणात या प्रश्नाला स्थान मिळणे ही काळाची गरज आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पायाभूत स्तरावरील शिक्षणासंबंधीच्या घटनात्मक व वैधानिक तरतुदी स्पष्ट करा.

२. 'समजपूर्वक वाचन' या संकल्पनेचे निपुण भारत अभियानाच्या संदर्भात विवेचन करा.

३. तयार आकृती रंगविण्याविषयीच्या आक्षेपांचे परीक्षण करून त्यांवरील उपाय सुचवा.

४. एकशिक्षकी शाळांतील अध्यापनाच्या अडचणी आणि कथाधारित उपक्रमांची उपयुक्तता यांवर टिपण लिहा.